मॅगझिन, पंप आणि डॉक्टरांची करंगळी

रिकाम्या बंदुकीतून बार उडवणारी मराठी बाई कॉव्हेंट्रीत एकच आहे, आणि ती मी. बंदूक रिकामी आहे असं मी सगळ्यांना सांगितलं होतं, स्वतःलाही सांगितलं होतं. फक्त बंदुकीला सांगायचं राहून गेलं.

बार समोरच्या वाळूच्या बांधात गेला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला पुढचं नीट वाचता येईल. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची अल्लड पोर होते. त्या वयात आपल्याला सगळं कळतं असं वाटतं. आता सत्तरीला टेकले आहे. आताही तसंच वाटतं, पण मी ते बोलून दाखवत नाही, एवढाच काय तो फरक.

पण या बाराची गोष्ट सांगायची तर डॉक्टरांपासून सुरुवात करावी लागेल.

डॉक्टर म्हणजे आमचे हे नव्हेत. आमचे हे इंजिनियर. चाळीस वर्षं मोटारींचे दरवाजे नीट लागतात की नाही ते बघितलं आणि रिटायर झाल्यापासून क्रिकेट बघतात. डॉक्टर म्हणजे नागपूरकडचे, इथल्या हॉस्पिटलात जन्म काढलेले भूलतज्ज्ञ. त्यांना इथलं सगळं मराठी मंडळ नुसतं 'डॉक्टर' म्हणायचं. मंडळात डॉक्टर किमान तीस असतील, पण बाकीच्यांना आडनावं होती.

आमची ओळख झाली गणपतीत, शाळेचा हॉल भाड्याने घेऊन करतो त्या गणपतीत. जेवणाच्या रांगेत ते माझ्या पुढे होते आणि त्यांच्या अंगाला गॅरेजसारखा वास येत होता. मला गप्प बसवत नाही.

"गाडी बंद पडली का हो वाटेत?" मी विचारलं.

"नाही बाप्पा. बंदूक पुसून आलो."

एखादी बाई 'पोळ्या लाटून आले' म्हणते ना, अगदी त्या सुरात. मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी शांतपणे मसालेभात वाढून घेतला आणि मठ्ठ्याकडे वळले.

आता मी सत्तावीस वर्षं एका जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, रिसेप्शनला काढलेली बाई. रोज सकाळी आठला फोन सुरू व्हायचे आणि सव्वाआठला मी सांगायला लागायची की आजच्या अपॉइंटमेंट संपल्या. लोक मला काय काय म्हणायचे ते इथे लिहीत नाही. बंदुकीची आवड मला तिथेच लागली असावी. रिटायर झाल्यावर योगा करून पाहिला, झुंबा करून पाहिला, भजनी मंडळात टाळ वाजवून पाहिले. टाळ मी फार जोरात वाजवते असं ठरलं. म्हणून पुढच्या रविवारी डॉक्टरांच्या क्लबात गेले.

क्लब शहराबाहेर, एका जुन्या वाळूच्या खाणीत. तिन्ही बाजूंनी वाळूचे उंच बांध, मध्ये लोखंडी पाट्या आणि पुठ्ठ्याची लक्ष्यं, आणि कोपऱ्यात एक पोर्टाकॅबिन. त्यात किटली, मुख्य म्हणजे हीटर आणि एकच सिंक. डॉक्टर तिथे रेंज ऑफिसर होते. म्हणजे नेमबाजाच्या खांद्याशी उभं राहायचं, 'भरा' म्हणायचं, 'चालू' म्हणायचं, आणि शेवटी बंदूक रिकामी झाली की आत डोकावून 'क्लिअर' म्हणायचं. त्यांनी 'क्लिअर' म्हटल्याशिवाय तिथे कोणी खोकायचंही नाही.

या माणसाला बंदुकांचं कामही ऑपरेशन थिएटरसारखंच वाटायचं. नवखा नेमबाज थरथरायला लागला की ते त्याच्या कानाशी हळूच म्हणायचे, "मोठा श्वास घ्या. आता दहापासून उलटं मोजा." इंग्रज गडी मुकाट मोजायचे. एक लॉरी ड्रायव्हर सातपर्यंत आला आणि त्याला जांभई आली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. काम संपलं की बंदूक पेटीत ठेवताना डॉक्टर पुटपुटायचे, "झोप आता." आणि जेवणाआधी हात धुणं! कोपरापर्यंत साबण, तीन मिनिटं, नळ बंद करायचा तो कोपरानेच. सिंक एकच असल्यामुळे बाहेर भर पावसातही रांग लागायची. पण कोणी कुरकुर करत नसे, कारण रांगेच्या दुसऱ्या टोकाला वहिनींनी दिलेल्या सांबारवड्यांचा, म्हणजे नागपुरी कोथिंबीरवड्यांचा, डबा असायचा. वहिनी म्हणजे डॉक्टरांच्या सौभाग्यवती. त्या कधी नेमबाजी बघायला आल्या नाहीत. "मी घरी त्यांच्याकडून रोज 'भरा' अन् 'चालू' ऐकतेच," म्हणायच्या.

खंडेनवमीला डॉक्टर घरी बंदुकांची पूजा करत. थोरली आणि धाकटी, दोन्ही पंप बंदुका, पाटावर आडव्या. एका वर्षी नेमके त्याच दिवशी पोलिसांचे परवान्याचे अधिकारी तपासणीला आले. उंच माणूस, दारात बूट काढून आत आला आणि बघतो तो बंदुकांना झेंडूची फुलं. 'हे लाल काय आहे?' त्याने विचारलं. डॉक्टरांनी त्याला वीस मिनिटं कुंकू समजावून सांगितलं. त्या बिचाऱ्याचा एकच प्रश्न होता: याने गंज तर धरत नाही ना? डॉक्टर खूश झाले. "हा बघा, याला कळलं! म्हणून मी फक्त लाकडाला लावतो. लोखंडाला लावलेलं देवाला चालत असेल, मला चालत नाही." त्या अधिकाऱ्याने वहीत काय लिहिलं देव जाणे, पण जाताना पेढा घेऊन गेला.

तर अशा माणसाच्या हाताखाली मी शिकायला लागले. आणि सहा महिन्यांत, म्हणजे अगदी काहीही येत नसताना, माझं त्यांच्याशी भांडण सुरू झालं. कोणती बंदूक घ्यायची यावरून.

भांडण समजायला जरा थांबा. पंप बंदूक म्हणजे नळीखालची मूठ मागे ओढायची आणि पुढे सारायची. मागे ओढली की उडलेलं काडतूस बाहेर पडतं, पुढे सारली की नवं आत जातं. इथपर्यंत आमचं एकमत. पण नवं येतं कुठून? जुन्या पद्धतीच्या पंपाला नळीखाली दुसरी एक नळी असते. त्यात काडतुसं एकेक करून अंगठ्याने आत ढकलायची. नव्या तऱ्हेच्या पंपाला खालून डबी बसते, तिला मॅगझिन म्हणतात. घरून भरून आणलेली डबी खटकन बसवायची. ती संपली की काढायची, दुसरी बसवायची. डॉक्टर नळीवाले. मी डबीवाली, एक बंदूक विकत घ्यायच्या आधीपासून.

"अहो डॉक्टर, खटकन बसते, खटकन निघते! त्या लॉरीवाल्याने बघता बघता तीन डब्या बदलल्या. तुम्ही तोवर खिसे चाचपत होतात."

"बसते खटकन, हे खरं आहे. पण घाई काय होऊन राहिली तुम्हाला? बस सुटून राहिली का?"

"वेळ लावतात ना स्पर्धेत, घड्याळावर!"

"बाई, नळीत भरताना एकेक काडतूस या अंगठ्याखालून जातं. किती आत गेली, किती बाहेर आली, ते अंगठ्याला ठाऊक असतं. डबी काढली की माणसाला वाटतं, झालं, सगळंच निघालं. ऑपरेशन झाल्यावर बोळे मोजतात ना, तसं आहे हे. ट्रे उचलला म्हणजे बोळा आत राहिला नाही असं होत नाही."

"म्हणजे तुम्हाला माझ्यावर भरवसा नाही."

"मला माझ्यावरही नाही," ते म्हणाले आणि करंगळी वर केली.

ही करंगळी प्रसिद्ध होती. बंदूक उघडून दाखवली की बाकीचे ऑफिसर डोळ्यांनी बघतात. डॉक्टर डोळ्यांनी बघायचे आणि वर करंगळी आत घालून चाचपायचे. 'डोळा थापा मारतो, बोटाला थापा मारता येत नाहीत,' हे त्यांचं आवडतं वाक्य. संध्याकाळपर्यंत त्यांची ती करंगळी काजळात बुडवल्यासारखी दिसायची.

एका बाबतीत तर कायदाही डॉक्टरांच्या बाजूने होता. नळीवाली, दोनच काडतुसांची, साध्या परवान्यावर मिळते आणि तो परवाना माझ्याकडे होताच. डबी निघणारी हवी तर वेगळा, कडक परवाना. का हवी त्याचं कारण द्या, नवा अर्ज, नव्याने चौकशी, जीपीचं पत्र. असली पत्रं पूर्वी मीच पाठवायची आणि ती तीन-तीन आठवडे का रखडतात हे मला पक्कं ठाऊक होतं. माझंही तीन आठवडे रखडलं. माझ्या जागी आलेल्या नव्या पोरीला फोन केला तर म्हणाली, आज काही होणार नाही, उद्या आठला करा.

अर्जावर ओळख द्यायला डॉक्टरच हवे होते. मी घाबरत घाबरत कागद पुढे केला. त्यांनी पेन काढलं, कागद जरा तिरका धरला, नाकाजवळ नेला आणि सही केली.

"अहो, पण तुम्हाला तर ही बंदूक पसंत नाही!"

"विचार वेगळा, सही वेगळी," ते म्हणाले. "बंदूक मला पसंत नाही. तुम्ही पसंत आहात."

यावर खरं म्हणजे मी विरघळून नळीवाली घ्यायला हवी होती. मी दुसऱ्या आठवड्यात दुकानात जाऊन मॅगझिनवाली घेतली, काळी कुळकुळीत, चार डब्यांसकट. मिल्टन कीन्सहून लेक आली होती. इथेच जन्मलेली, तिचं मराठी आमच्या पुण्याच्या घरी ऐकवायच्या लायकीचं नाही.

"आई, सिरियसली? तू हा बंदूक घेतला? यू कान्ट इव्हन पार्क द कार!"

"बंदूक पार्क करायची नसते," मी म्हटलं.

आमचे हे स्कोअरवरून नजर न काढता म्हणाले, "तुझ्या आईला ब्रेड मेकरसुद्धा कोणाचं न ऐकताच घ्यायचा होता. तो बघ माळ्यावर आहे."

बंदूक मात्र माळ्यावर गेली नाही. मी बऱ्यापैकी मारायला लागले. वर्षभरात माझं नाव क्लबाच्या टीममध्ये आलं. टीममध्ये पाच जण, त्यात बाई मी एकटी आणि साठीच्या वरचीही मी एकटी. मी हे मंडळात, भाजीच्या दुकानात, दाताच्या डॉक्टरकडे तोंडात कापूस असताना सांगितलं. हिवाळ्यात मी डॉक्टरांना लोकरीचे हातमोजे विणून दिले, जाड, मरून रंगाचे. त्यांनी ते लगेच घातले. विणकामात मी टाळांइतकीच दणकट आहे.

आणि मग तो रविवार. जानेवारी, साडेतीनलाच उजेड गेल्यासारखा. स्पर्धा नव्हती, सरावच होता. डॉक्टर माझ्या खांद्याशी उभे. मी शेवटची पाटी पाडली, आणि सवयीने मूठ मागे-पुढे केली. म्हणजे आत नवं काडतूस गेलं. डॉक्टर म्हणाले, "रिकामी करा, दाखवा." मी खटकन डबी काढली आणि मूठ मागे ओढली.

इथेच ती गोम आहे. मूठ पुरती मागे आली नाही. हात गारठले होते, ती अर्ध्यावर अडल्यासारखी झाली आणि मला ते जाणवलं. स्वच्छ जाणवलं. पुरती ओढली असती तर काडतूस बाहेर उडी मारून माझ्या बुटावर पडलं असतं. पण डबी तर माझ्या डाव्या हातात होती! भरलेली डबी हातात असताना बंदुकीत काय असणार? मी तशीच अर्धवट उघडी बंदूक त्यांच्यापुढे धरली. ते वाकले, डोकावले. करंगळी पुढे आली, पण मरून लोकरीत ती अंगठ्याएवढी झाली होती, ती आत जाईना. क्षणभर थांबले आणि म्हणाले, "क्लिअर."

मी मूठ पुढे सारली आणि नियमाप्रमाणे बांधाकडे तोंड करून घोडा दाबला.

आवाजाचं काही विशेष नाही, रेंजवर दिवसभर तोच आवाज असतो. विशेष होतं ते नंतरच्या शांततेचं. पोर्टाकॅबिनमधली किटली उकळून बंद झाल्याचं ऐकू आलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात डॉक्टर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चूक माझी. मी क्लिअर म्हटलं."

आणि मी तोंड मिटलं.

हे मी आजवर विनोद करून सांगत आले आहे, पण या जागी मला विनोद सुचत नाही. मी ठरवून गप्प बसले असंही नाही. आधी वाटलं, घरी गेल्यावर फोन करू. मग वाटलं, ते ऑफिसर आहेत, बघायचं काम त्यांचंच. मग वाटलं, दोन आठवड्यांनी टीमचा सामना आहे, तो होऊ दे. रिसेप्शनवर सत्तावीस वर्षं बसल्यावर माणसाला 'आज नाही, उद्या' म्हणायची कारणं शोधावी लागत नाहीत, ती आपोआप जिभेवर येतात. क्लबाचे चेअरमन रिटायर्ड फायरमन होते, सरळ माणूस. त्यांनी वहीत डॉक्टरांनी सांगितलं तेच लिहून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात कमिटीची मीटिंग ठेवली.

चार दिवसांनी दुपारी वहिनींचा फोन आला.

"काय सांगू तुला बाई. हे बंदुका विकायला निघालेत. थोरली-धाकटी दोन्ही. दुकानवाल्याला फोनसुद्धा केला."

"का हो वहिनी?"

"म्हणतात, मी समोर बघितलं अन् मला दिसलं नाही. उद्या कोणाचा जीव घेईन. परवानासुद्धा परत देऊन टाकतो म्हणून राहिले. सकाळपासून अंगणात खुर्ची टाकून बसले आहेत, आणि थंडी बघ किती. एक घास खाल्ला नाही. त्यांचं दुसरं आहे काय गं? ब्रिज खेळत नाहीत, टीव्ही बघत नाहीत. रविवार गेला तर माणूस उरतो किती?"

त्या रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर बरं झालं असतं, मी समजूत घालून फोन ठेवला असता.

डॉक्टरांना वाटत होतं, बंदूक मी नीट उघडून दाखवली होती आणि ती पूर्ण उघडी असताना, आतलं लालभडक काडतूस समोर असताना, त्यांना ते दिसलं नाही. ती अर्धवट उघडी होती, हे या जगात फक्त मला ठाऊक होतं. आणि एवढीशी माहिती नव्हती म्हणून एक माणूस आपली थोरली आणि धाकटी विकायला बसला होता.

मीटिंगला मला बोलावलं नव्हतं. मी गेले. पोर्टाकॅबिनमध्ये चौघं जण आणि कोपऱ्यात डॉक्टर, ओव्हरकोट न काढता. मी दारातच उभी राहून सांगितलं. मूठ अर्धीच आली होती. मला कळलं होतं. डबी हातात होती म्हणून मी पुढे बघितलं नाही. नंतर गप्प बसले, ते टीममधून नाव जाईल म्हणून. एवढं इंग्रजीत बोलायला मला दीडेक मिनिट लागलं असेल. डॉक्टरांच्या हात धुण्याच्या निम्मं.

चेअरमन म्हणाले, "दहा दिवस घेतलेत तुम्ही."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी मला सहा महिने टीममधून काढलं आणि सुरक्षेचा कोर्स पहिल्यापासून करायला लावला, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींबरोबर. डॉक्टरांना सांगितलं की बंदूक अर्धी उघडी असो की पूर्ण, ऑफिसरने क्लिअर म्हटलं ते म्हटलंच. डोळे तपासून घ्या, तोवर ऑफिसरचं काम बंद. पण बंदुका विकायचं कोणी नाव काढायचं नाही. एवढं ठरवून चेअरमननी विचारलं, आज वड्या आणल्या नाहीत का?

डॉक्टर उठले. माझ्या शेजारून गेले, गाडीत बसले, आणि वहिनी त्यांना घेऊन गेल्या.

डोळे पुन्हा तपासायची मुळात गरजच नव्हती. वहिनींना कपाटात डोळ्यांच्या क्लिनिकचं पत्र सापडलं, आठ महिन्यांपूर्वीचं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला नाव घाला. जन्मभर लोकांना भूल देणारा माणूस स्वतःच्या डोळ्याशी सुरी येणार म्हटल्यावर पत्र दडवून बसला होता. आठ महिने ते धुक्यातून बघत होते आणि करंगळीच्या जोरावर निभावून नेत होते. त्या करंगळीला मी लोकरीत गुंडाळलं.

मध्येच एक सांगून टाकते, नाहीतर विसरेन. ते गेले, त्याला आता दोन वर्षं होतील. त्याआधी त्यांचा अंगठा संधिवाताने इतका आखडला की नळीत काडतूस ढकलता येईना. एका रविवारी ते आले आणि त्यांच्या हातात चक्क मॅगझिनवाली. आम्ही सगळे बघतच राहिलो. "विचार वेगळा, अंगठा वेगळा," ते म्हणाले. मी तेव्हा टोमणा मारायची संधी सोडली, याची नोंद कोणी घेतली नाही. आणि मी? मी अजून डबीवालीच वापरते. त्या रविवारी बंदुकीची चूक नव्हती, आणि डॉक्टरांनी तर तसं कधी म्हटलंही नव्हतं. फक्त आता डबी काढल्यावर मूठ पुरती मागे ओढते, डोळ्यांनी बघते, आणि करंगळी आत घालते. टीममधली तरुण पोरं हसतात. हसू देत.

तर ऑपरेशन. न्यायला-आणायला मीच गेले, कारण वहिनींना हॉस्पिटलच्या पार्किंगची भीती वाटते. जाताना डॉक्टर मागच्या सीटवर बसून फक्त रस्ता सांगत होते, तोही चुकीचा. माफी मागायला मी चार वेळा घसा खाकरला. चारही वेळा ते म्हणाले, "पुढे राउंडअबाउट आहे." आत गेल्यावर त्यांनी तिथल्या भूलतज्ज्ञ मुलीला थेंब किती आणि कधी घालावेत यावर व्याख्यान दिलं म्हणे. येताना डोळ्यावर प्लॅस्टिकचं झाकण आणि तोंडाला कुलूप.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. वहिनींनी झाकणाची चिकटपट्टी सोडवली. डॉक्टर खिडकीपाशी बसले होते. त्यांनी डोळा उघडला, आधी भिंतीकडे बघितलं. "ही पांढरी आहे?" ते म्हणाले. "मी तर क्रीम समजत होतो." मग वहिनींकडे बघितलं, बराच वेळ. "तू तशीच आहेस," म्हणाले. पंचाहत्तरीच्या वहिनी लाजून चहा ठेवायला आत गेल्या.

मग ते माझ्याकडे वळले. मी उभीच होते, पर्स पोटाशी धरून. सॉरी म्हणायचं ते आत्ता, असं मनाशी ठरवून मी तोंड उघडलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं, पुढे वाकले, बंदुकीत डोकावावं तसे माझ्या चेहऱ्यात डोकावले, आणि म्हणाले:

"अरे बाप्पा! तुम्ही तर चांगल्याच म्हाताऱ्या आहात की बाई! मी इतके दिवस समजून राहिलो होतो, लहान पोर आहे, चुकणारच, आपण सांभाळून घेऊ. आता नाही बाप्पा सांभाळणार. आता तुमची चूक तुमची, अन् माझी माझी."